सुंदराबाईंचं रक्त आणि मी

मी हाडाची पेशी बोलतेय. उंदराच्या हाडाची आहे म्हणून नाक मुरडू नका. अकोल्यातल्या एका प्रयोगशाळेत, चपट्या बाटलीत, मी आणि माझ्या लाखो बहिणी वाढतो. बाहेर ऊन कितीही रणरणो, आमच्या पेटीत कायम माणसाच्या अंगाइतकीच ऊब. रागिणी मॅडम आम्हाला वेळच्या वेळी गुलाबी खाऊ घालतात. लाडच लाड.

काम मात्र नाजूक. माणसाच्या गळ्यात डाळीएवढ्या चार ग्रंथी असतात. त्यांचा हार्मोन हाडांना हुकूम सोडतो, रक्तात कॅल्शियम द्या. हुकूम जास्त झाला की हाडं ठिसूळ होतात. साध्या तपासणीत या हार्मोनचे मोडके तुकडेही मोजले जातात. आम्ही तशा फसत नाही. धड हार्मोन कणभर जरी लागला तरी आमच्या आत एक रसायन वाढतं, आणि मॅडम ते मोजतात. याचा आम्हाला भारी तोरा होता.

मे महिन्यात चांदूर बाजारच्या सुंदराबाईंचं रक्त आलं. भाजीचा मळा करणारी बाई, हाडं दुखून बेजार. बिघडलेली ग्रंथी काढायला गळ्याचं ऑपरेशन करायचं की नाही, ते आमच्यावर ठरणार होतं. त्यांचा मुलगा कुंदन बर्फाच्या डब्यात नळी घेऊन आला.

माझ्या बहिणींना थेंब दिला. त्यांना काहीच जाणवलं नाही. ऑपरेशन लांबलं.

पावसाळ्यात सुंदराबाई मळ्यात नुसत्या वाकल्या आणि मांडीचं हाड मोडलं.

आज कुंदन पुन्हा रक्त घेऊन आला, या वेळी जवळच्याच दवाखान्यातून, बर्फात. मॅडमनी सहज विचारलं, "मागच्या वेळी बर्फ टिकला होता ना?"

"बर्फ होता मॅडम. पन रक्त गोठन म्हनून मले भेव वाटलं. मायचं रक्त थे. एस्टीत सारा रस्ता छातीशी, खिशात धरून आनलं. गेटावर परत डब्यात ठेवलं."

मॅडमनी मागच्या तपासणीचा कागद काढला. "कुंदनभाऊ, उन्हाळ्यात अशा उबेत हार्मोन मोडतो हो, मग तो पेशींना कळत नाही."

या वेळी पाळी माझी होती. थेंब पडला आणि मी आतून खवळून उठले. आकडा मॅडमनी पुन्हा पुन्हा पाहिला.

"आता ऑपरेशन होईल," त्या त्याला म्हणाल्या. "हाडं आणखी झिजणार नाहीत."

"मंग पयलेच झालं असतं तं माय पडली नसती?"

"कदाचित," मॅडम म्हणाल्या.

"म्हंजे मीच पाडलं तिले."

"नाही. बर्फात आणा एवढंच आम्ही सांगितलं. का आणायचं, ते कोणीच सांगितलं नाही."

तो बाहेर गेला. बहिणी खरं तेच बोलल्या होत्या, तरी सुंदराबाईंचं वाटोळं झालं. याची हळहळ कोणाला सांगू?

तपासणी झालेल्या पेशी ठेवत नाहीत. मला आता ब्लीचमध्ये टाकतील. टाका, माझी तक्रार नाही. पण कुंदन अजून बाहेरच्या बाकावर एकटाच बसलाय. आधी कोणीतरी जाऊन त्याच्याजवळ बसा.