गुलाबी सदऱ्यातले हात

उडी मारणाऱ्याला खाली पडू द्यायचं नाही, हा उजुंगबरुंग वस्तीतल्या, पंक गाण्यांनी वेड्या पोरांचा एकमेव कायदा. बाकीचे कायदे मोडायलाच ती जमत. त्यांचा गायक एन्तिस गाता गाता स्टेजवरून पाठमोरा स्वतःला झोकून द्यायचा आणि खाली हात असायचेच. त्यांतले दोन त्याच्या दोस्ताचे, इयूसचे.

आज तो जकार्तातल्या टीव्हीच्या सकाळच्या कार्यक्रमात उभा होता. निघताना इयूसने बजावलं होतं, "त्या साबणाच्या जाहिरातवाल्यांपुढे गायलास, तर मी नाही झेलणार."

"कांग एन्तिस, तुमचा राग फार गोड आहे हो," निर्माती रात्ना म्हणाली; 'कांग' म्हणजे दादा. "काल ध्वनिमुद्रणात तुमच्याकडून फक्त 'सरकार'च्या जागी 'सासू' म्हणून घेतलंय. चालीत बसतं. आणि गायचं नाही, ओठ हलवायचे. ध्वनिफीत वाजेल."

"आणि रागवायचं?"

"रागवा की! हसत."

समोर भाड्याचे प्रेक्षक होते. गुलाबी टी-शर्ट आणि भाताचा डबा यांच्या मोबदल्यात आलेले. एक बाई त्यांना हाताने खुणा करून चालवत होती. पंजा वर गेला की टाळ्या, गोल फिरला की डोलायचं. कॅमेरा आला की दोन्हीकडे सरकायचं.

तिसऱ्या रांगेत एन्तिसला इयूस दिसला. गुलाबी टी-शर्टात, केसांचा तुरा टोपीखाली कोंबलेला.

एन्तिस स्टेजच्या कडेला वाकला. "तू? इथं?"

"पोरं म्हणाली, डबा मिळतो."

"म्हणजे झेलशील ना?"

"गा मुकाट्याने. माझी बायको बघतेय घरी."

दिवे लागले. एन्तिस ओठ हलवू लागला. त्याचाच आवाज त्याच्या पुढे धावत होता, सासूला शिव्या देत. घशाला काही कामच नव्हतं, त्यामुळे सगळं लक्ष पाठीकडे गेलं. झेलतील का? ही माणसं अजून आपली आहेत का? विचारायची एकच रीत त्याला ठाऊक होती. कडव्याच्या शेवटी त्याने कॅमेऱ्याकडे पाठ केली आणि स्वतःला मागे झोकून दिलं.

कॅमेरा त्याच्यामागोमाग प्रेक्षकांकडे आला. बाईचा पंजा वर गेला.

प्रेक्षक शिस्तीत दोन्हीकडे सरकले आणि टाळ्या वाजवू लागले. इयूसचे हात पुढे आले, क्षणभर घोटाळले, मग डोक्यावर जाऊन तेही वाजू लागले.

एन्तिस कोपरावर आदळला. तोंड मिटून जमिनीवर पडला होता, आणि वर त्याचा आवाज जोशात गात होता.

जाहिराती लागल्यावर इयूसने त्याला उठवलं. "आले होते रे हात. तिचा पंजा वर गेला, आणि..."

रात्ना धावत आली. "काय पडलात, कांग! लोक वेडे झालेत. जाहिरातींनंतर परत पडा, फक्त थोडे डावीकडे."

एन्तिसने कोपर चोळलं. इयूसकडे पाहिलं. इयूस टी-शर्ट नीट करत होता.

"डावीकडे म्हणजे," एन्तिसने विचारलं, "माझ्या, की कॅमेऱ्याच्या?"