मजकूर नसलेला फोटो

बिभीषणने स्वतःच्या कपाळावरचा उजेड आणखी थोडा उतरवला. मग सावल्या किंचित उचलल्या, रंग फिके केले आणि शेवटी सगळ्या फोटोवर रव्यासारखे बारीक दाणे पसरले. मोबाईल माणसाला नव्या स्टीलच्या डब्यासारखा चकचकीत काढतो. त्याला पुन्हा माणसात आणायला पाऊण तास लागतो. जुन्या रोलवरच्या फोटोंत असायचा तो मऊपणा कसा आणायचा, हे इंटरनेटवर एक दाढीवाला शिकवत असे. तो म्हणायचा, इतकंच करा की काही केलंय असं वाटता कामा नये. भिंगारला छावणीच्या स्टोअरमध्ये तेहतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला हे तत्त्व नवं नव्हतं.

फोटो सकाळी खिडकीपाशी काढलेला. लोणच्याच्या बरणीला मोबाईल टेकवून, दहा सेकंदांचा टायमर लावून. सीमा गेल्याला आठ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि बरणीचा हात कधी हलत नसे.

आजचा फोटो मात्र खरोखरच साधला होता. तो पस्तीस वर्षांपूर्वी कुणीतरी प्रेमाने काढल्यासारखा वाटत होता. बिभीषणने तो भावकीच्या ग्रुपवर टाकला. खाली ‘कसा वाटतो?’ असं लिहिलं, साठी ओलांडलेल्या माणसाला ते शोभत नाही म्हणून पुसलं, आणि नुसता फोटो पाठवला.

ग्रुपमध्ये त्र्याऐंशी माणसं होती. त्याला त्यातल्या एकाचंच मत हवं होतं.

थोरला भाऊ आप्पासाहेब श्रीगोंद्याकडे गावी राहायचा. दोघं सहा वर्षं बोलत नव्हते. आईच्या दहाव्याला बिभीषणने हौसेने एका स्टुडिओतून तिचा मोठा फोटो करून आणला होता. स्टुडिओवाल्याने आईला गोरं केलं, मागे निळं आभाळ लावलं आणि हनुवटीवरचं तीन टिपक्यांचं गोंदण डाग समजून साफ केलं. आप्पासाहेबांनी भरल्या मांडवात फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

“ह्या बाईला मी वळखत न्हाई,” ते म्हणाले होते.

बिभीषण त्यावर बोलायला नको ते काहीतरी बोलला, आणि मग बोलणंच संपलं. निवृत्त झाल्यावर त्याने आईचा मूळ फोटो घेतला आणि हे सगळं शिकायला लागला. दोन वर्षं लागली. आता गोंदणासकट ती त्याच्या भिंतीवर होती, पण ते सांगायचं कुणाला आणि कोणत्या तोंडाने.

चौथ्या मिनिटाला उत्तर आलं. चुलतभाऊ ज्ञानेश्वर. ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ पुढे जोडलेले हात.

बिभीषणने ग्रुप वर सरकवून पाहिला. सकाळची फुलं, सुविचार, कुणाचा तरी वाढदिवस. मजकूर नसलेला, जुनाट रंगाचा, एकट्या माणसाचा फोटो या ग्रुपवर एकाच कारणासाठी पडतो, आणि तो बहुधा त्या माणसाच्याच मोबाईलवरून घरचं कुणीतरी टाकतं. हे त्यालाही ठाऊक होतं. चुलत्याच्या वेळी त्यानेही असेच हात जोडले होते. तो फोटो नुसता पायाच्या ऑपरेशनला जाण्याआधीचा निघाला होता.

तेवढ्यात सतरा जणांनी श्रद्धांजली वाहिली. मुक्ताबाईंनी लिहिलं, ‘लई मनमिळाऊ माणूस हुता.’ मुक्ताबाईंशी तो शेवटचं बोलला होता तेव्हा त्यांना दात होते.

बिभीषणने ‘मी जिवंत आहे’ असं टाईप केलं. वाचून पाहिलं. पुराव्याशिवाय केलेल्या विधानासारखं वाटलं. पुसलं.

खरं तर तेव्हाच पाठवायला हवं होतं. पण त्याने फोटोवर बोट दाबून कुणीकुणी पाहिला त्याची यादी उघडली. आप्पासाहेब, आठ वाजून अकरा मिनिटं. म्हणजे पाहिला होता. बिभीषण वाट बघत बसला. नऊ वाजले. श्रद्धांजल्या एकेचाळीस झाल्या. चुलत पुतण्या चेतनने विचारलं, ‘अंत्यविधी किती वाजता?’ फोन मात्र एकही आला नाही. मेलेल्या माणसाला फोन करून करणार काय, हेही बरोबरच होतं.

आप्पासाहेबांनी काहीच लिहिलं नाही. जोडलेले हातसुद्धा नाहीत. ते तर मोबाईलमध्ये आयते मिळतात.

दहाला त्याने चहा केला आणि प्यायला नाही.

साडेअकराला दाराची कडी वाजली. दारात आप्पासाहेब उभे होते. टोपी हातात, काखेत कापडी पिशवी, धोतराला एस्टीच्या सीटचं काळं लागलेलं. त्यांनी बिभीषणला खालून वर पाहिलं.

“हायस व्हय?”

“आहे.”

आप्पासाहेब उंबऱ्यावरच बसले.

“पानी दे.”

त्यांनी तांब्या वरून धरून सगळं पाणी संपवलं. मिशा पुसल्या. तांब्या खाली ठेवला.

“मला वाटलं गेलास. फोटू तसाच हुता.” मग म्हणाले, “निम्म्या वाटंत ध्यानात आलं. म्हनलं, ह्यो टाकला कुनी? घरात तर कुनीच न्हाई.”

“मग परत का नाही फिरलास?”

“एस्टी मधी थांबत न्हाई.”

बिभीषणने मान हलवली.

“ग्रुपवर काही लिहिलं नाहीस तू.”

“सव्वानऊची गाडी गाठायची हुती. लिवत बसू?” आप्पासाहेबांनी पिशवी पुढे सरकवली. “तुला अग्नी द्यायला माझ्याबिगर हाय कोन?”

पिशवीत कोरं पांढरं कापड होतं. घडी अजून मोडलेली नव्हती.

“हे परत करता येईल का?” बिभीषणने विचारलं.

“परत घेत न्हाईत हे. इचारलं हुतं.”

“घेतानाच?”

“तुझा काय नेम.”

मोबाईल पुन्हा वाजला. चेतन वेळ विचारत होता.

“त्याला सांग, रद्द,” आप्पासाहेब म्हणाले.

बिभीषणने ‘रद्द’ लिहिलं. चेतनने अंगठा पाठवला.

जेवणं झाली. पिठलं जरा पातळ झालं होतं. आप्पासाहेबांनी ते दोनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा वाढून घेतलं. हात धुवायला उठले तेव्हा भिंतीवरच्या फोटोपुढे थांबले. ओलं बोट काचेला लागणार नाही एवढ्या अंतरावर, आईच्या हनुवटीपाशी धरून त्यांनी तीन टिपके मोजले.

“आता हाय,” ते म्हणाले. एवढंच.

मग टोपी डोक्यावर ठेवली. “सव्वादोनची गाडी हाय. म्हशीची धार काढाया दुसरं कुनी न्हाई.”

“एक फोटो काढू दे तुझा.”

“कशाला? ग्रुपवर टाकायला?”

“नाही.”

“गोरा करू नको.”

“काहीच करणार नाही.”

बिभीषणने त्यांना खिडकीपाशी खुर्चीवर बसवलं. दुपारचं ऊन चेहऱ्यावर सुरीसारखं पडत होतं. अर्धा चेहरा पांढरा, अर्धा काळा. असा उजेड नंतर कितीही सारवला तरी मऊ होत नाही, तो आधीच गाळून घ्यावा लागतो. त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग पिशवीतलं कोरं कापड काढलं, घडी मोडली आणि खिडकीच्या गजांना दोन्ही टोकांनी बांधलं. आप्पासाहेब ते बघत होते.

खोलीत दुधासारखा उजेड पसरला. आप्पासाहेबांच्या कपाळावरच्या आठ्या, पांढऱ्या मिशा, उजव्या डोळ्याखालची लहानपणी गोफणीची लागलेली खूण, सगळं जागच्या जागी दिसायला लागलं. बिभीषणने मोबाईल बरणीला टेकवला नाही. दोन्ही हातांत धरला.

“हलू नकोस.”

आप्पासाहेबांनी जुन्या स्टुडिओत बसत तसे हात गुडघ्यांवर ठेवले आणि श्वास रोखला. बिभीषणने बटण दाबलं. फोटो आला. त्यात बदलण्यासारखं काहीच नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजून गेला होता. माळीवाड्याच्या स्टँडवर जायला रिक्षाने पंधरा मिनिटं लागतात.

“झाला का?” ओठ न हलवता आप्पासाहेबांनी विचारलं.

“अजून नाही,” बिभीषण म्हणाला.