बादलीचा मंत्र

सूनबाईनं दीड वर्ष खपून एक जग उभं केलं होतं आणि ते जेवणाच्या टेबलावर मावत होतं. दोन राज्यं, मधे एक डोंगर, डोंगराच्या पोटात एक झरा आणि झऱ्याभोवती वेटोळं घालून बसलेला ड्रॅगन. दोन्ही राज्यांत पाण्याची बोंब, त्यामुळे युद्ध अटळ. ते टाळायचं तर खेळाडूंनी डोंगरात शिरून ड्रॅगनला हटवायचं. नकाशा भिंतीला लावून उरलेल्या कागदाच्या गुंडाळीवर रंगवलेला होता. नियमांच्या चार वह्या होत्या. औषधाच्या दुकानात दिवसभर डॉक्टरांची अक्षरं लावून लावून तिचे डोळे जात, पण वह्यांमधलं तिचं स्वतःचं अक्षर बघत राहावं असं होतं.

खेळ तसा सोपा. एक जण जग सांगतो, बाकीचे त्यात कुणीतरी होऊन शिरतात. कुणी सरदार, कुणी चोर, कुणी मांत्रिक. काय करायचं ते तोंडानं सांगायचं आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. जग सांगणाऱ्याची खुर्ची वर्षानुवर्षं टेबलावरचे सगळे ज्याला दाढी म्हणत त्याच्याकडे होती. दाढी विमा कचेरीत होता आणि नियमांच्या बाबतीत बापालाही सोडत नसे. सूनबाईनं हट्टानं खुर्ची मागून घेतली, आणि दोन रविवार खेळ असा रडतखडत चालला की खेळात तिरंदाज असलेल्या शिंप्याला बसल्या जागी डुलकी लागली. तिसऱ्या रविवारी दाढीनं आल्या आल्या स्पष्टच सांगितलं, "आजही रंगला नाही, तर पाच वाजता हात वर करून ठरवू. खुर्ची परत माझ्याकडे." खुर्ची गेली की ते जग गुंडाळून माळ्यावर जाणार आणि तिथून कधीच खाली येणार नाही, हे सूनबाई ओळखून होती.

त्यात नवऱ्याचा फोन वाजला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि कुठल्याशा इमारतीत तिसऱ्या-चौथ्याच्या मधे एक वकील आपल्या कुत्र्यासकट अडकला होता. "माझ्या जागी आईला बसव," असं म्हणून त्यानं पान्ह्यांची पेटी उचलली आणि तो पसार झाला.

सासूबाई म्हणजे पाणीपुरवठा कचेरीतून निवृत्त झालेलं एक प्रकरण. कुठल्या भागाचा व्हॉल्व्ह किती वाजता उघडायचा आणि किती वाजता बंद करायचा, याचं वेळापत्रक एकतीस वर्षं त्यांनी केलं. घरात सासू-सुनेचं भांडण नव्हतं, पण भांडायलाही आधी बोलावं लागतं. दोघींचं बोलणं किल्ली कुठे ठेवली आणि गॅस बंद केलास का, इतपतच. सासूबाई आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि मुलाच्या शिकाऊ मांत्रिकाचा कागद त्यांनी तक्रारअर्ज वाचावा तसा चष्मा लावून वाचला.

"यात बादली भरायचा मंत्र आहे. हवेतून पाणी काढून. किती वेळा करता येतो?"

"कितीही वेळा," सूनबाई म्हणाली. "तो अगदी पहिलीतला मंत्र आहे, आई. आपल्याला आज आगीच्या गोळ्याचा लागेल."

"एका बादलीला वेळ किती?"

"सहा सेकंद."

"आणि या मंत्रशाळेत असे शिकाऊ किती?"

सूनबाईनं वही काढली. आकडा तयार असल्याचा तिला अभिमानच वाटला. "चारशे."

सासूबाईंनी पेन्सिल मागितली. टेबलाभोवती कुणाला काही कळेना. दंतवैद्याकडे मदतनीस असलेली दातवाली, जी खेळात चोर होती, ती बिस्किटं खात बसली.

"ताशी दोन लाख चाळीस हजार बादल्या," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या शहराची वस्ती वीस हजार लिहिली आहेस. म्हणजे एका तासात माणशी बारा बादल्या. उरलेला दिवस पोरांनी खुशाल अभ्यास करावा. मग टंचाई कसली आणि युद्ध कशाचं?"

दातवालीचं बिस्कीट चहात विरघळून गेलं.

"पण मांत्रिक असलं काही करत नाहीत," दाढी म्हणाला. "ते आगीचे गोळे टाकतात."

"रोज?"

"रोज नाही. युद्धात."

"आणि बाकीचे दिवस?"

दाढी दाढी खाजवू लागला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

"ज्या गावात हवेतून पाणी काढणारी चारशे माणसं रिकामी बसलीत, तिथल्या बायका हंडे घेऊन डोंगर चढतायत?" सासूबाई म्हणाल्या. "अगं, त्या बायकांनी त्या शाळेचं दार केव्हाच उखडलं असतं."

दाढी सूनबाईकडे झुकून कुजबुजला, "दिवसातून एकदाच, असं लिही आणि मोकळी हो." खोडरबर हाताशी होता. दोन शब्द लिहिले की ड्रॅगन वाचत होता, युद्ध वाचत होतं, दीड वर्ष वाचत होतं. तिला रडू येतंय असं वाटलं. पण बाहेर पडलं ते हसू. आपल्या हातानं लिहिलेली ती एक ओळ, आणि तिनं दोन राज्यं आडवी केली होती. तिनं खोडरबर खिडकीत ठेवून दिला.

"मंत्रशाळेचं दार उघडतं," ती म्हणाली. "आत चारशे पोरं जांभया देत बसली आहेत."

आणि मग काही विचारू नका. युद्ध कारणाअभावी रद्द झालं आणि दोन सेनापती जमलेल्या फौजांचं काय करायचं म्हणून एकमेकांनाच सल्ला मागू लागले. पखालवाल्यांचा धंदा बसला, ते मोर्चा घेऊन आले. सासूबाईंनी त्यांना ठणकावलं की पाणी मांत्रिकाच्या हातात तयार होतं, तुमच्या माजघरात नव्हे, तेव्हा वाहायला तुम्हीच लागणार आहात. शिंप्याची झोप उडाली. त्यानं आपल्या तिरंदाजाचं धनुष्य मोडीत काढलं आणि पखाली शिवायचं दुकान टाकलं. दातवालीनं सगळ्या शहरातल्या बादल्या चोरल्या आणि भाड्यानं दिल्या.

एकदा बांध फुटल्यावर कोण थांबतंय. उजेडाचा मंत्र येणाऱ्यांना रस्त्यारस्त्यावर दिव्यासारखं उभं केलं, तर मेणबत्तीवाले उपाशी मरायची वेळ आली. मेलेल्यांशी बोलणारी एक म्हातारी मांत्रिक होती. इस्टेटीचे सगळे वाद ती थेट आजोबांनाच विचारून सोडवू लागली, आणि वकील गाशा गुंडाळून शेजारच्या राज्यात पळाले. आईबाप पोरांना मारूनमुटकून मंत्रशाळेत घालू लागले. लग्नाच्या बाजारात आगीच्या गोळ्यावाल्यांना कुणी विचारेना, बादलीवाला जावई मात्र हातोहात खपे. खुद्द राजा लोटा घेऊन रांगेत उभा राहिला. आणि महिनाभर आपल्याला मारायला कुणीच कसं आलं नाही, म्हणून चौकशी करायला ड्रॅगन स्वतः खाली उतरला. सासूबाईंनी फासा टाकला, वीस पडले, आणि ड्रॅगन सार्वजनिक न्हाणीघरात पाणी तापवायला नोकरीला लागला. दाढी हसता हसता खुर्चीवरून घसरला आणि खालूनच म्हणाला, "हे नियमात बसतंय, हेच मला सहन होत नाही."

सासूबाईंच्या आता अंगात आलं होतं. कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यांनी बारा भागांचं वेळापत्रक झरझर लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. राजवाडा सकाळी सहा. सरदारांच्या माड्या साडेसहा. असं करत करत सगळ्यात शेवटी उतारावरची वस्ती, पहाटे साडेतीन. सगळ्यांनी माना डोलावल्या.

जगातली किरकोळ माणसं बोलून दाखवायचं काम सूनबाईचं. ती पाठीत वाकली आणि उतारावरची म्हातारी झाली.

"बाई, आमचीच पाळी साडेतीनला का हो?"

सासूबाईंचं उत्तर तयार होतं. ते एकतीस वर्षं तयार होतं. "आधी चढावर द्यावं लागतं. चढ भरला की उताराला आपोआप पोचतं. दाबाचा प्रश्न असतो, आजी."

"दाब कसला, बाई? इथे नळ कुठे आहेत? इथे बादली आहे."

सासूबाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "हे मी केलंच नाही. हे माझं जुनंच आहे. जसंच्या तसं उतरवलं." मग त्यांनी चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं. "लग्नाआधी तुम्ही कुठे राहायचात गं?"

"उतारालाच." सूनबाई अजून वाकलेलीच होती. "पाणी साडेतीनला यायचं. आई उठायची. मी शाळेत जाईपर्यंत तिचे डोळे मिटत असायचे."

"म्हणजे मला शिव्या देत असेल."

"रोज. नाव माहीत नव्हतं, म्हणून नुसतंच 'ती भवानी' म्हणायची."

हसावं की नाही, हे कुणाला ठरवता येईना. आधी सासूबाईच हसल्या, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग त्यांनी सुनेचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा. सूनबाईला इतकं बरं वाटलं की पाठ सरळ करायचं भानच तिला राहिलं नाही.

"मग बदलू या ना वेळापत्रक," दातवाली म्हणाली आणि तिनं कागदाकडे हात नेला.

सासूबाईंनी कागदावर पंजा ठेवला. "मी आत्ता बदललं असतं गं. पण माझा मांत्रिक का बदलेल? पाळ्या लावतो म्हणून राजवाड्यानं त्याला बंगला दिलाय, सरदार त्याला बघून उठून उभे राहतात. पाणी फुकटचं आहे, पाळी फुकटची नाही. तुम्हाला बदलून हवं असेल तर घ्या माझ्याकडून."

सूनबाईनं नकाशावरच्या ड्रॅगनकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. दीड वर्ष रंग खर्चून तिनं जो शत्रू रंगवला होता, तो न्हाणीघरात पाणी तापवत होता. खरा शत्रू समोर बसून चहा पीत होता.

"माझा सरदार उतारावरच्यांच्या बाजूनं," दाढी उठून उभा राहिला. शिंप्यानं तिरंदाजाचं धनुष्य परत मागितलं. दातवालीनं भाड्याच्या सगळ्या बादल्या म्हातारीच्या दारात उतरवल्या. बोलता बोलता पाच वाजून गेले होते. दाढीनं घड्याळ पाहिलं, घसा साफ केला आणि खुर्ची सूनबाईकडेच राहावी म्हणून पहिला हात स्वतःच वर केला. मागून शिंप्याचा वर गेला, मग दातवालीचा.

"आई, तुमचा हात?" सूनबाईनं विचारलं.

"मी कशाला वर करू? चौघं मिळून मला पाडायला निघालात." सासूबाईंनी वेळापत्रकाची घडी घातली आणि चष्म्याच्या डबीत ठेवली. "खुर्ची तुझीच, त्यात काय मत घ्यायचंय. पण पुढच्या रविवारी तुझा नवरा आला की त्याला पखालवाला वगैरे काहीतरी कर. मांत्रिक आता मी सोडणार नाही."