अंगारा औषधात धरत नाहीत

कोगनोळीच्या चेकपोस्टपासून जरा आत, उसाच्या कडेला पत्र्याची एक शेड आहे. दर गुरुवारी तिथं तीन-चारशे माणसं जमायची, बहुतेक गुडघे धरून. सदलग्याहून, पार पिरनवाडीहूनही गाड्या यायच्या. शेडच्या दारात काठ्यांचा मोठा ढीग होता. गुण आला की आपली काठी तिथं टाकायची आणि मोकळ्या हातानं घरी जायचं. नागोजीबाबा खाटेवर बसून सांगायचे, "काठी हितं ठेव, दुखणं हितं ठेव. शंका तेवढी घरी ठेवून ये." मग कागदाच्या पुड्यांतून आठवड्याचा अंगारा मिळायचा. रोज सकाळी अनशापोटी एक पुडी. त्यावर दुपारपर्यंत काही खायचं नाही.

तिसऱ्या गुरुवारी माझ्या आईनं, जयाबाईनं, काठी टाकली.

माझं निपाणीत औषधांचं दुकान आहे. बुवाबाबांची टिंगल करण्यात माझा हात धरणारा गावात कुणी नव्हता. मी आईला म्हणालो होतो, राख खाऊन सांधे बरे होत असते तर चुलीत झोपणारी मांजरं म्हातारी झालीच नसती. आई हसली आणि काठीशिवाय नळावर गेली. मी तिला अडवलं नाही. राखेत असून असून काय असणार?

संध्याकाळी मात्र गुडघे परत ठणकायचे. म्हणून मी तिला डॉक्टर सुनयनांकडं नेलं. त्यांनी सूज उतरवणारी गोळी दिली, रात्री जेवल्यावर एक, दहाच दिवस. लिहिता लिहिता विचारलं, "आणखी कुठलं औषध चालू आहे?"

"न्हाय बाई," आई म्हणाली.

ती खोटं बोलली नाही. आमच्याकडं अंगारा औषधात धरत नाहीत. मी शेजारीच बसलो होतो. मीही धरला नाही.

आठव्या दिवशी ती न्हाणीत चक्कर येऊन पडली. दोन दिवस शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, पण ती बोलली नव्हती. दवाखान्यात विचारलं तर म्हणाली, "अंगारा काळाच असतोय की रं. त्येच भाईर पडत असंल."

डॉक्टरांनी तेव्हा पहिल्यांदा अंगाऱ्याबद्दल ऐकलं. मला म्हणाल्या, घरून पुड्या घेऊन या. चहाच्या बारीक गाळणीत त्यांनी एक पुडी ओतली आणि हलक्या हातानं हलवली. राख खाली गेली. जाळीवर गुलाबी कण राहिले, आणि एक अर्धवट कुटलेला गोळीचा तुकडा.

"ही सूज-वेदनेवरचीच गोळी दिसते. तपासायला पाठवू," त्या म्हणाल्या. "सकाळी ही उपाशीपोटी, रात्री माझी. एकाच जातीची दोन औषधं झाली. पोटात व्रण होऊन रक्त चाललंय."

मी तो तुकडा ओळखला. चमत्कार माझ्याच दुकानातून जात होता. दर महिन्याला ज्योतिबा नावाचा एक माणूस येऊन याच गोळ्यांचे, हजार-हजार गोळ्यांचे, दहा-बारा डबे न्यायचा. म्हणायचा, आरोग्य शिबिराला पाहिजेत. मी कधी डॉक्टरची चिठ्ठी मागितली नाही.

आईला बेळगावला हलवलं. चार बाटल्या रक्त दिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मला रडू आलं नाही. खालच्या टपरीवर मी चहा घेतला आणि त्यात साखर नव्हती हेही कळलं नाही. अजूनही तोंडाला चव कळत नाही. तपासणीचा कागद आला, गोळी तीच निघाली. पोलिसांत जबाब दिला, स्वतःच्या चुकीसकट.

पुढच्या गुरुवारी गाळणी घेऊन शेडवर गेलो. लोकांच्याच हातातल्या पुड्या मागून घेतल्या आणि सगळ्यांसमोर गाळल्या. प्रत्येक पुडीत गुलाबी कण निघाले. बाबा म्हणाले, ही शंकेखोराची नजर लागली. कुणी हसलं नाही, कुणी पायाही पडलं नाही.

मागून एकानं विचारलं, "ह्या गोळ्या आल्या कुठनं?"

"माझ्या दुकानातनं," मी म्हणालो.

मग सोनुबाई नावाची एक म्हातारी पुढं आली. "मग गुडघं दुखल्यावर आमी करायचं काय? गोळी इख हाय व्हय?"

मी तिला सांगितलं, गोळी विष नाही. डॉक्टरला दाखवून, त्यांनी सांगितली तेवढीच आणि तेवढेच दिवस घ्यायची, पोटात अन्न घालून. सोबत दुकानातली दुसरी दुखण्याची गोळी घ्यायची नाही. व्रण, रक्तदाब, मूत्रपिंड, हृदय, काहीही दुखणं असेल तर आधी सांगायचं. शौचाला काळं झालं, रक्ताची उलटी झाली, तर गोळी बंद आणि तडक दवाखाना.

"आनि दुसरं काय खातोय त्ये?"

"सगळं सांगायचं, आक्का."

"अंगारा बी?"

"अंगारा बी."

तिनं मान हलवली आणि ढिगातली आपली काठी शोधायला गेली. तिच्यामागून आणखी दहा-बाराजण गेले. सगळे नाहीत. आईची काठी तळाशी सापडली, मुठीला हिरवी चिंधी गुंडाळलेली.

ती आता दुकानात काउंटरला टेकवून ठेवली आहे. चिठ्ठीशिवाय गोळी मागणाऱ्याला मी आधी ती दाखवतो. तुम्हीही आज घरी गेल्यावर म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि ते रोज तोंडात काय काय टाकतात ते विचारा. हसू नका, नीट विचारा. मी औषधं विकतो, आणि मी विचारलं नव्हतं.