स्वतःविषयी, दोन पानांत

मी एक निबंध बोलतोय. शाळेतला नव्हे, त्याला निदान दहापैकी सहा गुण तरी मिळतात. मी मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या अर्जाला जोडलेला निबंध. 'हा विषय तुम्हाला का शिकायचा आहे, ते स्वतःविषयी दोन पानांत लिहा' असं अर्जात छापलेलं असतं ना, ती दोन पानं म्हणजे मी. आज सकाळपर्यंत माझ्यासारख्याच एकशे सेहेचाळीस जणांच्या गठ्ठ्यात पडून होतो. माझ्या वरच्याने आणि खालच्याने 'समाजासाठी काहीतरी करायचं आहे' असं लिहिलंय. काय करायचं आहे, ते दोघांनाही माहीत नाही.

माझी लेखिका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. वय अठ्ठावीस. बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं, पुढे शिकायचं म्हणून लागोपाठ दोन वर्षं अर्ज केला आणि दोन्ही वेळा नकार आला. ते दोन नाकारलेले निबंध म्हणजे माझे थोरले भाऊ. दोघांचीही सुरुवात 'लहानपणापासूनच मला मानवी मनाचं कुतूहल होतं' अशी. वास्तविक लहानपणी तिला कुतूहल होतं ते शेजारच्यांच्या मांजराचं. यंदाही नाही जमलं तर हा विषय कायमचा सोडायचा, असं तिनं घरी सांगून टाकलं होतं. त्यामुळे माझा जन्म झाला तोच सगळ्यांचा जीव टांगणीला लावून.

पहिल्यांदा माझा ताबा घेतला तो तिच्या बाबांनी. बाबा पाणीपुरवठा खात्यात बत्तीस वर्षं मसुदे लिहून निवृत्त झालेले. लाल पेन काढून त्यांनी माझी पहिली ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'सविनय सादर करण्यात येते की, अर्जदारास मानवी मनाविषयी कुतूहल असून सदर कुतूहल अद्याप प्रलंबित आहे.' हे वाचून मलाच वाटलं, आता आपल्याला शिक्का मारून कपाटात ठेवतात की काय. बाबा मात्र खूश होते. त्यांच्या मते कागद असा हवा की वाचणाऱ्याने घाबरून मंजूर करावा.

मग आई आली. आईचं म्हणणं, हे सगळं कोरडं आहे. तिच्या मैत्रिणीच्या मुलीला पहिल्याच फटक्यात प्रवेश मिळाला होता, कारण तिच्या निबंधात घरातलं कुणीतरी फार आजारी होतं. "घरात एखादं दुखणं असल्याशिवाय या विषयाला कोण प्रवेश देतं?" आई म्हणाली. पण या घरात दुखणं कुठून आणायचं? बाबांना साधी सर्दी होत नव्हती. तेव्हा आईची नजर आजोबांवर गेली.

आजोबा म्हणजे आईचे सासरे. वय चौऱ्याऐंशी, आणि स्मरणशक्ती अशी की घरातले सगळे त्यांच्यापुढे जपून बोलत. या माणसाला आईनं स्मृतिभ्रंश करून टाकला. 'आजोबा मला ओळखेनासे झाले, त्या दिवशी मी मानसशास्त्राकडे वळले' अशी माझी नवी सुरुवात झाली. लेखिकेनं आधी हे नको म्हटलं, पण दोन नकार पचवलेला माणूस किती वेळ नको म्हणणार? तिनं ते टाइप केलं. खोटं कशाला बोलू, मी तेव्हा फार देखणा दिसत होतो. बाबांचेसुद्धा डोळे भरून आले. आपले वडील शेजारच्या खोलीत शब्दकोडं सोडवताहेत, हे ते पार विसरले.

घात झाला तो छापील प्रतीनं. माझी एक प्रत जेवणाच्या टेबलावर राहिली आणि सकाळी ती आजोबांच्या हाती लागली. त्यांनी भिंग लावून मला दोनदा वाचलं. मी कागद, मला कुठे तोंड लपवता येतं?

जेवायला सगळे बसल्यावर आजोबा शांतपणे म्हणाले की, आपल्याला काही आठवत नाही हे आज कळलं. मग त्यांनी मुलाला नववीत गणितात शंभरपैकी अकरा गुण मिळाले होते, ते गुणपत्रक त्यानं कुठे लपवलं होतं आणि ते पहिल्यांदा कुणी पाहिलं, हे तारखेसह सांगितलं. बाबांनी भाताकडे बघत जेवण उरकलं. सुनेकडे वळून आजोबा एवढंच म्हणाले, "तीस वर्षं तू माझं सगळं केलंस. म्हणून एक आजार चालवून घेतो."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला माझी फार लाज वाटली.

मग आजोबांनी नातीला विचारलं, "हे सगळं आमचं झालं. तुला काय समजून घ्यायचंय?"

ती गप्प राहिली. बाबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आजोबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. आई बोलायला गेली, तिलाही थांबवलं. बऱ्याच वेळानं लेखिका म्हणाली, "घड्याळाचं."

झालं होतं असं. दवाखान्यात वाट पाहणाऱ्यांच्या खुर्च्यांसमोर एक भिंतीवरचं घड्याळ होतं. 'अजून किती वेळ?' हा प्रश्न तिला दिवसातून चाळीस वेळा ऐकावा लागे. एकदा घड्याळाचा सेल संपला म्हणून तिनं ते काढून ठेवलं, तर प्रश्न निम्म्यावर आले. तिला गंमत वाटली. मग तिनं एक आठवडा घड्याळ लावायचं, एक आठवडा काढायचं, असं सहा आठवडे केलं. कोण कितीदा विचारतं आणि किती वेळ बसलो असं कुणाला वाटतं, हे ती अपॉइंटमेंटच्या वहीच्या मागच्या पानांवर टिपून ठेवी. घड्याळ नसताना लोक कमी विचारत. पण 'किती वेळ बसलात?' म्हटलं की सांगत मात्र जास्तच वेळ. असं का, ते तिला काही केल्या उमगत नव्हतं.

आजोबांनी विचारलं, हे डॉक्टरांना माहीत आहे का? नव्हतं. घड्याळ दुरुस्तीला दिलंय, असं तिनं त्यांना सांगितलं होतं. आणि अर्जाला शिफारसपत्र हवं होतं, ते याच डॉक्टरांचं. मुदत संपायला सात दिवस उरले होते.

तिनं मला कोरं केलं आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं. ना लहानपणीचं कुतूहल, ना स्मृतिभ्रंश. घड्याळ, वही, सहा आठवडे. शेवटी लिहिलं, 'मी ज्यांच्यावर हे करून पाहिलं, त्यांना विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर त्यांची उत्तरं बदलली असती का, हेही मला शिकायचं आहे.' बाबांनी लाल पेन उचललं. कागदावर चूक कबूल करायची नसते, बत्तीस वर्षांत आपण एकदाही केली नाही, असं त्यांनी सांगून पाहिलं. तिनं पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं. या घरात असं पहिल्यांदाच घडत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला डॉक्टरांपुढे धरलं. खुर्चीत एक पेशंट आ वासून पडलेला, त्याचा जबडा नुकताच बधिर केलेला. डॉक्टरांनी हातमोजे काढून मला वाचलं.

"घड्याळ दुरुस्तीला नव्हतं तर."

"नव्हतं. खालच्या खणात होतं."

"माझ्या पेशंटवर प्रयोग केलास. मला न विचारता."

"हो."

पेशंटनं मान वळवून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, पण त्याला त्या अवस्थेत कोण विचारतो. डॉक्टरांनी माझं शेवटचं पान पुन्हा वाचलं. शेवटी म्हणाले, "पत्र देतो. पण हेही त्यात लिहीन." आणि त्यांनी दुसरे हातमोजे चढवले. त्या दिवशी ते तिच्याशी कामापुरतंच बोलले.

ते पत्र बंद पाकिटात आलं. इतके दिवस आम्ही एकाच फायलीत आहोत, पण त्यानं मला ताकास तूर लागू दिली नाही. आज निवड समितीच्या मॅडमनी ते फोडून शेजारच्या सरांना वाचून दाखवलं, तेव्हा कुठे मला कळलं. डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'हिनं माझी फसवणूक केली, याचा मला राग आहे. हे मला कधीही कळलं नसतं. पत्र हवं असताना हिनं स्वतः येऊन सांगितलं. याहून जास्त मला तिच्याबद्दल सांगता येणार नाही.'

सर म्हणाले की मुलीनं नियम मोडलाय. मॅडम म्हणाल्या, "मोडलाय खरा. पण एकशे सेहेचाळीस अर्ज झाले, चूक केलेली ही पहिलीच." मग त्यांनी मला उचलून दुसऱ्या, पातळ गठ्ठ्यावर ठेवलं. इथे आम्ही अकरा जण आहोत. जागा सहा. पुढे मुलाखत.

माझं काम संपलं, मॅडम. मुलाखतीत मला कुणी बोलू देणार नाही, तेव्हा एवढं ऐकून घ्या. तुम्ही प्रश्न विचाराल आणि ती गप्प बसेल. तुम्हाला वाटेल, हिला येत नाही. सर पुढच्या प्रश्नाकडे वळतील. त्यांना जरा थांबवा. ती उत्तर शोधत नसते, उत्तर तिच्याकडे असतं. आधी दुसरं कुणी बोलतंय का, याची ती वाट बघत असते.