दोन डिस्कवरची आई

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत मशिनांचे कंट्रोल पॅनेल दुरुस्त करता करता मला कॉम्प्युटरचं वेड लागलं. अठ्ठ्याण्णव साली घरी एक जोडला आणि त्यात मुद्दाम दोन हार्ड डिस्क बसवल्या. एकीवर जे लिहिलं जाईल, ते त्याच क्षणी दुसरीवरही. ज्याला त्याला छाती फुगवून सांगायचो, "एक मेली तरी दुसरी असतेच." शहाणपण नुसतं उतू चाललं होतं.

त्याच कॉम्प्युटरात आईच्या जात्यावरच्या ओव्या भरल्या. कॅसेटच्या फितीचा भरवसा नाही, म्हणून तिला थेट माईकपुढं बसवलं. माईक बघून ती बिचकली. एक ओवी झाली आणि मध्येच तिनं आबांना, माझ्या वडिलांना, विचारलं, "आवं, च्या टाकू का?" तेही भरलं गेलं.

पावसाळ्यात आई गेली. त्यानंतर पहिली पाळी करून मी चारला घरी पोचलो की आबा म्हणायचे, "लाव." आई विचारायची, "आवं, च्या टाकू का?" आबा म्हणायचे, "टाक." मग स्वयंपाकघराकडं बघत बसायचे. मी चहा आणून दिला तर हात लावायचे नाहीत. "तिनं टाकलाय की," म्हणायचे. मला भीती वाटायची. तरी लावायचो, कारण मलाही तिचा आवाज हवा असायचा.

श्रीगोंद्याहून थोरली बहीण जयमाला आली. ती तिथं शाळेच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. आबा अर्धी भाकरीसुद्धा खात नाहीत, हे तिनं चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी मी कामावर असताना तिनं रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

"एकातलंच पुसलं रे," ती म्हणाली. "दुसऱ्यात हाय ना? आबा सावरले की काढू. तूच तर म्हनला हुतास."

मी धावत जाऊन कॉम्प्युटर चालू केला. पहिली डिस्क मेली तर दुसरी उभी राहते. पण पहिलीवरचं पुसलं, तर दुसरीही इमानानं पुसते. हे मी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. कॉम्प्युटर बिघडलाय असं आबांना सांगून दोन दिवस रजा टाकून शोधलं. आई कुठंच सापडली नाही.

तिसऱ्या दिवशी चारला आबा येऊन बसले. "लाव."

"आबा, ते पुसलं गेलं."

त्यांनी काळ्या पडद्याकडं बघितलं, घसा खाकरला आणि आईच्या आवाजात ओवी म्हटली. शेवटचा शब्द तिच्यासारखाच ओढून. मग तसंच बिचकत, "आवं, च्या टाकू का?" आणि लगेच स्वतःच्या जाड आवाजात, "टाक."

ताईनं माझा हात घट्ट धरला. मी दुसऱ्या हातानं माईक पुढं सरकवला. आबांनी तो बाजूला केला.

"नगं. त्याच्याम्होरं ती बिचकती."

आता आईची एकच प्रत उरली होती, आणि त्या प्रतीला चौऱ्याहत्तरावं वर्ष लागलं होतं.