अर्ध्या दिवसाची जागा

अलार्म वाजत होता आणि लिफ्टकाकांना तो ऐकू आला नाही. ऐकला तो शेजारच्या बाईंनी, भिंतीतून. त्यांनी आधी बेल मारली, मग दार बडवलं, आणि त्या हादऱ्याने काका खुर्चीत दचकून जागे झाले. समोर अंथरुणावर नात बसली होती. नाकातली ऑक्सिजनची नळी उपसून तिचं टोक चघळत होती आणि ओठ निळसर पडायला लागले होते. काकांनी नळी पुसली, परत लावली, पोरीला छातीशी उभं धरलं. हळूहळू तिच्या बोटावरच्या यंत्रातला आकडा वर सरकला, त्याचा अलार्म थांबला, ओठांवर रंग आला, आणि ती काही झालंच नाही अशी इकडेतिकडे बघायला लागली. मग काकांनी जाऊन दार उघडलं. शेजारच्या बाई आत आल्या. त्यांनी पाण्याचा पेला आणून हातात दिला आणि दार ओढून गेल्या.

नातीला घरात सगळे खारू म्हणत. दिवस भरण्याच्या कितीतरी आधी जन्मली, तेव्हा तिच्या बापाने काचेतून बघून म्हटलं होतं, ही तर खारुताईचं पिल्लू दिसते. तेच नाव पडलं. आता ती तिसऱ्या वर्षाकडे झुकली होती, पण फुप्फुसं अजून कच्ची होती आणि गिळलेलं भलत्याच वाटेने जायचं, म्हणून पोटावर बटणासारखं एक तोंड बसवलं होतं. त्यातून सिरिंजने दूध घालायचं, तेही हळू, नाहीतर सगळं उलटून यायचं. जावई लांब पाइपलाइनच्या कामावर, काही महिन्यांनी एकदा घरी. मुलगी चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात. काकी खारूच्या जन्माआधीच गेलेल्या. तेव्हा दिवसभराचं सगळं काकांवर.

काकांनी आयुष्यभर लिफ्टची दुरुस्ती केली होती. ‘इतक्या माणसांना वर पाठवलं, पण पोलीस कधी दारात आले नाहीत,’ हा त्यांचा ठेवणीतला विनोद. इमारतींच्या डोक्यावरच्या त्या मोटारींच्या खोल्यांतल्या घरघरीने त्यांचे कान मात्र खाल्ले होते.

संध्याकाळी मुलगी आली तशी त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं. ती बूट काढत होती. एक बूट हातात तसाच धरून तिने ऐकून घेतलं. ती चिडली असती तर काकांना बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली की अलार्मचा आवाज वाढवू, यंत्र खुर्चीजवळ ठेवू. काका म्हणाले, आवाज आधीच शेवटाला आहे. हिच्यासाठी पाळणाघर बघ.

“कंटाळलात का, बाबा?”

“कंटाळतोय कसला. कान गेलेत माझे.”

ते खरं होतं, पण निम्मंच. उरलेलं निम्मं त्यांनी गिळून टाकलं.

पुढच्या सुट्टीला दोघं खारूला घेऊन निघाले. एका खांद्याला ऑक्सिजनची छोटी टाकी, दुसऱ्याला कफ ओढायच्या यंत्राची पिशवी. लग्नाच्या वऱ्हाडालाही इतकं सामान लागत नाही, असं काका पुटपुटले. पहिलं पाळणाघर नवंकोरं होतं, भिंतीवर रंगीत मासे, जमिनीवर मऊ गाद्या. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी खारूच्या गालाला हात लावला, आमच्याकडे सगळी मुलं सारखीच असं सांगितलं, आणि मग त्यांची नजर नळीवरून पोटाकडे गेली. त्यानंतर त्या बोलत राहिल्या ते विमा, नियम, इतर पालक यांबद्दल. नाही हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. दारापर्यंत सोडायला आल्या आणि मागून कडी लागल्याचा आवाज काकांनाही ऐकू आला.

दुसरं एका बाईंच्या राहत्या घरात होतं. दोन खोल्या, टीव्ही चालू, मुलं जमिनीवर पसरलेली. बाई हसऱ्या होत्या. मुलगी काय काय सांगत गेली, त्यावर त्या मान डोलवत राहिल्या. होईल हो, करू की, त्यात काय मोठंसं, आमच्याकडे एक दम्याचं पोर होतंच. त्यांनी स्वतःहून एकही प्रश्न विचारला नाही. खारू खोकली तेव्हा त्यांनी तिच्या पाठीवर दोन थापट्या मारल्या आणि टीव्हीकडे बघितलं. काकांनी ते पाहिलं. चांगलं स्पष्ट पाहिलं. आणि तरी ते म्हणाले, “मग उद्यापासून आणू का?”

मुलीने त्यांच्याकडे वळून बघितलं. बाईंना विचार करून कळवतो असं सांगून तिने खारूला उचललं आणि ती बाहेर पडली.

दोघं बस थांब्यावर आले. बाकावर बसल्यावर ती बोलली. तुम्हाला दिसलं नाही का, बाबा? दूध घालताना उभं धरायचं असतं हेसुद्धा त्या बाईंना विचारावंसं वाटलं नाही. घरी मी सिरिंजचा दट्ट्या जरा जोरात दाबला तरी मला बोलता, आणि तिथे उद्यापासून?

काकांनी दिसलं म्हणून कबूल केलं.

“मग?”

काका समोरच्या दुकानाच्या शटरकडे बघत राहिले. “थकलो गं,” ते म्हणाले. “कान आहेतच. पण कान चांगले असते तरी थकलोच असतो. सकाळी तू दार ओढून गेलीस की मी घड्याळाकडे बघायला लागतो. आज कुणी मला म्हटलं असतं की हिला त्या समोरच्या बोळात ठेव, आम्ही बघतो, तर मी ठेवली असती.”

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, आता ही रडेल. ती रडली नाही. तिने खारूच्या नाकाजवळचा चिकटपट्टीचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून बसवला. मग म्हणाली, “मलाही कारखान्यात बरं वाटतं. मशीन सुरू झालं की हिची आठवण येत नाही. जेवणाच्या सुट्टीतच येते.” बस आली आणि दोघं चढले. त्या दिवसानंतर घरात एक गोष्ट सोपी झाली. संध्याकाळी काका सरळ सांगायचे, आज माझ्याने होत नाही, तू घे, आणि ती घ्यायची.

तिसरी जागा खारूच्या डॉक्टरांनी सुचवली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. मुलांच्या वॉर्डात आयुष्य घालवलेल्या एका सिस्टरांनी तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीत अशाच मुलांसाठी सोय केली होती. मुलं मोजकीच. कोणाच्या गळ्याला नळी, कोणाला झटके यायचे, एक मुलगा आडवा पडून छताकडे बघत हसत होता. खोलीला औषधाचा आणि उकळलेल्या पाण्याचा वास होता. सिस्टर प्रश्नांवर प्रश्न विचारत होत्या. कफ कोणत्या वेळी जास्त होतो, झोपते कोणत्या कुशीवर, निळी पडण्याआधी काय करते. काका उत्तरं देत होते आणि देता देता त्यांच्या लक्षात आलं की हे सगळं आजवर कुणी त्यांना विचारलंच नव्हतं. निळी पडण्याआधी ती एकदम शहाण्यासारखी गप्प बसते, ते म्हणाले. सिस्टरांनी मान हलवली.

मग सिस्टरांनी खुर्ची जवळ ओढली. जागा आहे, पण अर्ध्या दिवसाची, त्या म्हणाल्या. माणसं कमी आहेत. इथे मुलं एकमेकांचं सर्दीपडसं घेतात, कितीही धुतलं-पुसलं तरी. “आणि आणखी एक. मागच्या थंडीत आमचं एक मूल गेलं. इथेच, या खोलीत. मी प्रत्येकाला हे आधी सांगते.”

मुलीचा हात खारूच्या पाठीवर थांबला. “जवळ कोण होतं?” तिने विचारलं.

“मी होते. आई निघाली होती. तिला पोचता आलं नाही.”

 कळवतो म्हणून ते उठले.

परतीच्या वाटेवर काकांनी मनाशी ठरवलं होतं की आपण तोंड उघडायचं नाही. एकदा बोलून आपली अक्कल दिसली होती. पहिली बस गेली, दुसरी मिळाली, खारू झोपली. मुलगी खिडकीबाहेर बघत होती.

“त्या दिवशी ती निळी पडली तेव्हा मी कारखान्यातून पोचले असते का, बाबा?”

“नाही.”

“शेजारच्या गल्लीत असते तर?”

काकांनी जरा विचार केला. “तरी नाही. तेवढा वेळच नव्हता.”

“मग त्या वेळी जवळ कोण असणार, एवढंच बघायचं,” ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. काकांना वाटलं झोपली. पण घराच्या थांब्याआधी तिने फोन काढून सिस्टरांना होकार कळवला.

तिने कारखान्यात पहाटेची पाळी मागून घेतली. खारूला सकाळी पोचवायचं आणि दुपारी आणायचं काकांनी. पहिल्या दिवशी खारू अशी रडली की तिचा आवाज बसला. काका बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर ठाण मांडून राहिले. सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, काका, दारातून तुमचं डोकं दिसतं, म्हणून ती थांबत नाही. तुम्ही घरी जा. काकांना राग आला, पण गेले. रिकाम्या घरात काय करायचं ते सुचेना. चहा ठेवला, तो उतू गेला, गॅस पुसला, आणि पुसता पुसता तिथेच भिंतीला टेकून त्यांना झोप लागली. आणायला जायला उशीर झाला. खारू सिस्टरांच्या मांडीवर दमून पडली होती. सिस्टरांनी तिला उचलून काकांच्या हातात दिलं.

दोन आठवडे सरतात न सरतात तोच सर्दी आली, सांगितली होती तशी. रात्रंदिवस ऑक्सिजन, कफ, डॉक्टरांकडे खेपा. मुलगी म्हणाली, बस झालं, काढून घेऊ. तिचा चेहरा पार उतरला होता. काका म्हणाले, बरी होऊ दे, मग बोलू. खारू बरी झाली. मग कुणीच तो विषय काढला नाही, आणि एका सकाळी काकांनी टाकी खांद्याला लावली आणि ते तिला घेऊन निघाले.

त्यानंतर केव्हातरी एका दुपारी खारूने ओठ मिटले आणि फुर्रकन हवा सोडली. थुंकी उडाली. तोंडाजवळ काही आणलं तरी किंचाळणारी ही पोर, तिने स्वतःहून परत फुर्र केलं आणि काकांकडे बघितलं. हे काकांनी शिकवलं नव्हतं, तिच्या आईनेही नाही. तिथल्या कोणत्यातरी पोराकडून उचललेला, गाडी चालवतानाचा आवाज असणार तो. काकांना बरं वाटलं, आणि लगेच जरा टोचलंही, की आपल्या नकळत हिने काहीतरी मिळवलं. त्यांनीही ओठ मिटून फुर्र करून बघितलं. त्यांना ते नीट जमलं नाही. खारूने त्यांच्याकडे अगदी सिस्टरांसारखं बघितलं आणि पुन्हा करून दाखवलं.

मुलगी यायला अजून थोडा वेळ होता. काकांनी खारूला उशीला टेकवून ताठ बसवलं, सिरिंज भरली आणि हळूहळू दूध घालायला सुरुवात केली.